अडकित्त्यांची पारख आणि नोंद

जुन्या अडकित्त्याची पारख करताना त्याच्या नक्षीकडे अगोदर पाहू नये, असा पुण्यातील एका वृद्ध संग्राहकांचा दंडक आहे. त्यांचे काम मी अनेकदा जवळ बसून पाहिले आहे. जिन्नस हाती आला की ते खिडकीपाशी बसून तो भिंगाखाली धरतात. आणि मोर, राघू, घोडेस्वार वा मिथुन यांपैकी कोणती आकृती कारागिराने घडविली आहे हा विचार लांबणीवर टाकून, पात्याची धार, दोन्ही भुजांना जोडणारी खीळ आणि बोटे जेथे टेकतात तेवढी जागा, यांचीच आधी खातरजमा करतात. वर्षानुवर्षे निसण्यावर घासलेले पाते रुंदीने उणे झालेले असते. खीळ झिजून कोणा लोहाराने केव्हातरी ती बदललेली असते. आणि पितळेवरच्या रेषा तळव्याखाली पार बुजून गेल्या, तरी बोट न पोहोचणाऱ्या खोबणीत त्या ताज्याच राहिलेल्या असतात. बनावट जिन्नसावर झीज सर्वत्र सारखी दिसते, कारण ती वापराने आलेली नसून कानशीने आणि अम्लाने आणलेली असते.

या संग्राहकांच्या संग्रहात केवळ मराठी मुलुखातील अडकित्ते नाहीत. विड्याचा शौक जेथे जेथे रुजला तेथे तेथे सुपारी कातरण्याचे हत्यार घडले, आणि प्रत्येक प्रांताने त्यावर आपली मुद्रा उमटविली. गुजरातेत त्याला सूडी म्हणतात, सिंहलद्वीपात गिरय, आणि मलय व जावा प्रदेशांत कचिप. आपल्याकडील पितळी देहाच्या आणि पोलादी पात्याच्या अडकित्त्याशेजारी रुप्याचे जडावकाम केलेला, अश्वमुखाचा लोखंडी कचिप ठेवला, म्हणजे एकच गरज दोन समाजांच्या सौंदर्यदृष्टीतून किती निरनिराळे रूप घेते याचा प्रत्यय एका दृष्टिक्षेपात येतो.

या वस्तूंचा लोभ केवळ विडा खाणाऱ्यांनाच वाटला असेही नाही. वॉर्सा येथे जन्मलेले आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अध्यापन करणारे विख्यात गणिती सॅम्युएल आयलेनबर्ग यांनी दक्षिण व आग्नेय आशियातील शिल्पांबरोबरच अडकित्त्यांचाही संग्रह केला, आणि त्यावर हेन्री ब्राउनरिग यांचा स्वतंत्र ग्रंथ १९९२ साली निघाला. आपल्याकडे दिनकर केळकर यांनी तर १९२० च्या सुमारास आरंभ करून अडकित्ते, वज्र्या, दिवे, दरवाजे, वाद्ये असा वीस हजारांहून अधिक वस्तूंचा ऐवज जमविला, आणि आपल्या अल्पायुषी पुत्राच्या, राजाच्या, नावाने तो लोकांसाठी खुला केला. ज्या काळी अशा वस्तू मोडीच्या भावाने भट्टीत जात होत्या, त्या काळी स्वयंपाकघरातील आणि माजघरातील साधनांना संग्रहालयाचा मान देणे हे माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे कर्तृत्व होय.

परंतु खरे काम पारखीपाशी संपत नाही. अडकित्ता एका घरातून मोडवाल्याकडे जातो, मोडवाल्याकडून बुधवारी वा रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात येतो, तेथून व्यापाऱ्याच्या दुकानात. आणि प्रत्येक हस्तांतराबरोबर त्याच्याविषयीचा थोडा थोडा मजकूर गळून पडतो. मूळ ठिकाणाचा पत्ता गिऱ्हाइकास लागला तर ते परस्पर तेथेच जाईल, या धास्तीने व्यापारी गावाचे नाव सांगत नाहीत. आणि किंमत वाढविण्यासाठी कोकणातील एखाद्या साध्या घरातील वस्तू कोणत्याशा संस्थानिकाच्या वाड्यातील म्हणून खपविली गेल्याचे मी स्वतः ऐकले आहे. वृद्ध संग्राहक म्हणूनच खरेदी होताच, वस्तू पुसण्याच्याही आधी, नोंदवही उघडतात. वस्तू कोणाकडून आली, ती कोणत्या गावची, कोणत्या घराण्याची, ती रुखवतात दिलेली होती की नित्याच्या तबकातील, खिळीची दुरुस्ती केव्हाची, असा जेवढा तपशील मिळेल तेवढा ते लिहून घेतात, आणि जे केवळ विक्रेत्याच्या तोंडचे असेल त्यापुढे तसा स्पष्ट शेरा मारतात. मग अडकित्त्याच्या आतील, नजरेस न येणाऱ्या बाजूवर रोगणाचा पातळ हात देऊन, त्यावर बारीक कुंचल्याने क्रमांक घालतात. हा क्रमांक पुढे कोणास पुसावासा वाटला तर धातूला इजा न होता निघावा अशी त्यात तजवीज असते. चिंच आणि राख लावून पितळ लखलखीत करण्याचा मोह ते कटाक्षाने टाळतात, कारण सांध्यात साचलेली चुन्याची पुटेदेखील वापराचा दाखला असतात आणि एकदा घासून गेली की ती कायमची गेली.

पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. हा निर्बंध योग्यच आहे. मात्र कायदा वस्तू राखू शकतो, तिची हकीकत राखू शकत नाही. आणि हकीकत हरवलेली वस्तू ही केवळ शोभेची राहते, मग ती कितीही सुरक्षित कपाटात असो.

आपल्या घरी आजीचा वा पणजोबांचा अडकित्ता पडून असेल, तर तो कोणास देण्यापूर्वी त्याचे गाव, तो वापरणाऱ्याचे नाव आणि तो घरात कसा आला ही हकीकत एका कागदावर लिहावी, आणि तो कागद अडकित्त्याबरोबरच द्यावा.