जात्याची घरघर आणि बासरी

जात्याची घरघर आणि एकटी बासरी, यांचं मिळून संगीत होतं का? होतं. १९४४ साली कैरो शहरात हलीम एल-दाब यांनी झार नावाच्या विधीतलं बायकांचं गाणं तारेच्या यंत्रावर मुद्रित केलं. मग त्यातले खालचे मुख्य सूर गाळून घुमारा वाढवला.

आपण जात्यापासून सुरुवात करू. पंखा, मिक्सर बंद ठेवून मोबाइलवर दोन मिनिटं दळणाचा आवाज घ्यायचा. संगणकावर वेग निम्मा केला की तो दुप्पट लांबतो आणि एक सप्तक खाली उतरतो. लांबच्या गडगडाटासारखा वाटतो. त्यात सतत घुमणारा सूर सापडला, तर त्याला सा धरून बासरी निवडायची. खालच्या सुराला लांब बासरी लागते. घरघर वाढली की बासरीने थांबायचं, ओसरली की वाजायचं.

दळताना कुणी ओवी म्हणत असेल, तर तिला आधी विचारू या आणि बदललेला आवाजही ऐकवू या. मूळ मुद्रण मात्र जसंच्या तसं वेगळं जपायचं. घरातून जातं गेलं तरी नातीला आजीची ओवी शब्दांसकट ऐकता येईल.