कावेरीच्या गाळाखालचा वायू

कुंभकोणमहून मयिलाडुदुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिरुभुवनम् हे गाव आहे. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने उभारलेले कंपहरेश्वराचे मंदिर आणि रेशमी साड्यांचे हातमाग यांमुळे त्याचे नाव सर्वत्र झाले. २०१९ साली येथील साडीला भौगोलिक मानांकनही मिळाले. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरास भोसल्यांची गादी असल्याने हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. भाताच्या खाचरांनी नटलेल्या या प्रदेशाच्या गाळाखाली, फार खोल असलेल्या खडकांत, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू साठलेले आहेत. हा वायू वर कसा येतो, नळातून कसा वाहतो आणि त्याच्याविषयी सावधगिरी का बाळगावी लागते, हे समजण्यास दाब, आकारमान आणि तपमान या तीन राशींचे परस्परसंबंध ठाऊक असले पाहिजेत.

वायूचे रेणू एकमेकांपासून दूर असतात आणि अखंड धावत असतात. ते भांड्याच्या भिंतीवर आदळतात. त्या असंख्य आघातांचा परिणाम म्हणजे दाब होय. जागा निम्मी केली की आघात दुपटीने होतात. तपमान कायम असता दाब दुप्पट झाला तर आकारमान निम्मे होते, हा नियम रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली मांडला. तपमान वाढले की रेणूंचा वेग वाढतो. मग एकतर वायू पसरतो किंवा, पसरण्यास वाव नसेल तर, त्याचा दाब वाढतो. शार्ल व गे-ल्युसाक या फ्रेंच शास्त्रज्ञांच्या प्रयोगांतून याचे प्रमाण ठरले. मात्र हा हिशोब करताना तपमान शून्याखाली सुमारे २७३ अंशांपासून, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून, मोजावे लागते.

आता दोन हजार मीटर खोल अशी एक विहीर कल्पावी. खडकांच्या छिद्रांतील पाण्याच्या भाराने दर दहा मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. तेव्हा तळाशी तो दोनशे वातावरणांच्या घरात जाईल. खोलीबरोबर उष्णताही वाढते. दर शंभर मीटरला तीन अंश वाढ धरली आणि पृष्ठभागावर ३० अंश तपमान असले, तर तळाशी ९० अंश भरतील. तेथील एक घनमीटर वायू वर आला की दाब कमी झाल्यामुळे तो दोनशे पट फुगू पाहतो. परंतु तपमान उतरल्याने हा आकडा ३०३ भागिले ३६३ या प्रमाणात घटतो. सुमारे १६७ घनमीटर, असा ठोकळ हिशोब निघतो. वायूच्या विहिरीवर पंपाची गरज सहसा का नसते, हे यावरून उघड होईल.

हा हिशोब ठोकळ म्हणण्याचे कारण आहे. इतक्या दाबाखाली रेणू जवळ येतात, एकमेकांना ओढतात आणि त्यांचे स्वतःचे आकारमानही उपेक्षणीय राहत नाही. १८७३ साली व्हॅन डर वाल्स या डच शास्त्रज्ञाने या दोन्ही गोष्टींची दुरुस्ती नियमात केली. ही दुरुस्ती केवळ पुस्तकी नव्हे. अरुंद झडपेतून दाबाखालचा वायू एकदम मोकळा केला की रेणूंना परस्परांच्या ओढीविरुद्ध दूर जावे लागते आणि वायू थंड होतो. त्यात पाण्याचा अंश असेल, तर बर्फासारखे खडे जमून नळ तुंबतो. म्हणून वायू आधी तापवावा किंवा कोरडा करावा लागतो.

नळातील गळती ओळखण्यातही हेच नियम उपयोगी पडतात. दोन्ही टोकांना बंद केलेल्या नळातील वायूचे तपमान ४० अंशांवरून २५ अंशांवर आले, तर गळती नसतानाही निरपेक्ष दाब सुमारे पाच टक्क्यांनी घटेल. उलट, दिवसाच्या उष्णतेने दाब वाढला, तर लहानशी गळती झाकली जाईल. नुसत्या दाबमापकावर विसंबणारा मनुष्य पहिल्या वेळी विनाकारण घाबरेल आणि दुसऱ्या वेळी नको तितका निश्चिंत राहील. दाब आणि तपमान एकत्र वाचले, तरच खरे काय ते कळते.

तेलाची गोष्ट वेगळी आहे. द्रव फारसा दाबला जात नाही; तो सांडला की जमिनीवर दिसतो. तिरुभुवनम्‌च्याच तिरुविडैमरुदूर तालुक्यातील कदिरामंगलम् येथे ३० जून २०१७ रोजी नळातून तेल गळून शेतात पसरले, आणि त्यातून गावकऱ्यांचे मोठे आंदोलन उभे राहिले. नैसर्गिक वायूतील मुख्य घटक मिथेन मात्र रंगहीन व गंधहीन असतो. शहरांत घरोघर वायू पुरविताना त्यात मुद्दाम उग्र वास मिसळतात, तो याचसाठी.

घरातील स्वयंपाकाच्या सिलिंडरला हे नियम सरसकट लावता येत नाहीत. त्यात बहुतांशी द्रव असतो. थोडासाही द्रव शिल्लक असेपर्यंत आतील दाब मुख्यतः तपमानावर ठरतो, उरलेल्या साठ्यावर नव्हे. म्हणूनच दाब पाहून सिलिंडर किती भरला आहे ते कळत नाही. त्यासाठी वजनच करावे लागते. द्रव तापल्यावर फुगतो, याकरिता सिलिंडर काठोकाठ न भरता वरती मोकळी जागा ठेवतात. उन्हात किंवा चुलीजवळ तो ठेवू नये, या सूचनेमागेही हेच शास्त्र आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये तामिळनाडू विधानसभेने कावेरीच्या मुखाकडील शेतीप्रदेशाला संरक्षण देणारा कायदा संमत केला आणि तेथे तेल व वायूच्या नव्या शोधास बंदी घातली. आधीपासूनची कामे मात्र त्यातून वगळली. भात पिकविणाऱ्या जमिनीतून वायू काढावा की नाही, याचा निर्णय भौतिकशास्त्र देऊ शकत नाही. तो लोकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनीच घ्यावयाचा आहे. परंतु ज्या शेताखालून नळ गेला आहे त्या शेतकऱ्याने दाब किती आहे एवढेच विचारून थांबू नये. तो कोणत्या तपमानाला मोजला, हेही विचारावे. तसे विचारण्याचा त्याला अधिकार आहे.