Explained : कथा चिमूटभर, तरी सिनेमा का चालतो? 'चोरीचा मामला'मधली चोराची गंमत समजून घ्या

डिंगोरे (ता. जुन्नर) : ओतूरहून माळशेज घाटाकडे जाताना लागणाऱ्या डिंगोऱ्यातून मल्टिप्लेक्सला जायचं, तर तिकिटासोबत प्रवासखर्च आणि अर्धा दिवसही मोजावा लागतो. त्यामुळे 'मोठा स्टार नाही, कथा साधी आहे, मग बघायचा कशाला?' हा प्रश्न इथल्या प्रेक्षकासाठी खिशाचा असतो. 'चोरीचा मामला' हा सिनेमा त्याचं चांगलं उत्तर देतो.

सिनेमा नेमका काय आहे?

31 जानेवारी 2020 रोजी प्रदर्शित झालेल्या या सिनेमाचं दिग्दर्शन प्रियदर्शन जाधव यांचं. एक चोर चोरी करायला घरात शिरतो आणि नेमका त्याच रात्री घरमालक तिथे येतो. मग एकेक माणूस वाढत जातो. प्रत्येकाकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे आणि त्यातल्या त्यात सरळ माणूस म्हणजे तो चोरच! कथा एवढीच.

मग तो उचलला कोणी?

कलाकारांनी.

• जितेंद्र जोशी : 'तुकाराम'मधले संत, 'सेक्रेड गेम्स'मधला काटेकर आणि इथे चोर. हा चोर विनोद करत नाही, तो खरोखर घाबरतो. म्हणून आपण हसतो.
• अमृता खानविलकर : 'कट्यार काळजात घुसली'मधली झरीना इथे पूर्ण वेगळ्या सुरात दिसते.
• हेमंत ढोमे : पुढे 'झिम्मा' दिग्दर्शित करणाऱ्या ढोमेंनी इथे राजकारणी रंगवलाय.
• अनिकेत विश्वासराव आणि कीर्ती पेंढारकर : गोंधळ वाढवण्याची जबाबदारी यांच्याकडेही आहे.

ही गंमत चालते कशी?

पडद्यामागे कोण लपलंय हे प्रेक्षकाला माहीत असतं, समोरच्या पात्राला नसतं. सगळा विनोद या फरकावर उभा असतो. एकाने जरी 'मी विनोदी आहे' असा आव आणला, तरी फुगा फुटतो. शिवाय टायमिंग एकट्याचं असून भागत नाही. समोरच्याने वाक्य अर्धा सेकंद आधी टाकलं तरी हशा जातो.

जुन्नरकरांना हे नवीन नाही. तमाशाची पंढरी असलेलं नारायणगाव याच तालुक्यात आहे. वगातही गोष्ट लोकांना आधीच ठाऊक असते. लोक येतात ते आज सोंगाड्या काय करतो हे पाहायला. 1965मध्ये रंगभूमीवर आलेल्या वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्येही गुन्हा काय, तर राजाच्या पलंगाची चोरी! पण दादा कोंडकेंच्या हवालदाराने तेवढ्यावर थिएटरं भरवली.

कमी कुठे पडतो?

योगायोग जरा जास्तच आहेत. 'हा इथे कसा आला?' असं विचारत बसलात तर मजा जाईल. चोर-पोलिसाचा थरार हवा असेल, तर हा सिनेमा तुमच्यासाठी नाही.

अशा सिनेमांचं खरं संकट कोणतं?

वेळ. मोठ्या स्टारच्या सिनेमाला पहिल्याच दिवशी गर्दी होते. छोटा सिनेमा 'बघ रे, चांगला आहे' या एका वाक्यावर चालतो आणि ते वाक्य गावोगाव पोहोचायला दिवस लागतात. 'चोरीचा मामला'नंतर सहाच आठवड्यांनी, 13 मार्च 2020 रोजी, कोरोनामुळे पुण्या-मुंबईसह मोठ्या शहरांतली थिएटरं बंद करण्याचा निर्णय झाला. राज्यात ती पुन्हा उघडली 5 नोव्हेंबरला, तीही निम्म्या आसनक्षमतेने.

मग तिकीट काढायचं कशाच्या भरवशावर?

क्राइम कॉमेडी निवडताना कथेचा सारांश वाचून ठरवू नका, तो सगळ्यांचा सारखाच वाटेल. कलाकारांची यादी बघा. त्यात रंगभूमीवर तयार झालेली चार-पाच नावं दिसली, तर प्रवासखर्च वसूल होण्याची शक्यता जास्त. आणि आवडला, तर त्याच रात्री चार जणांना सांगा. छोट्या सिनेमाची जाहिरात तीच असते.