टाकीवरचा फोड काय सांगतो?

आज आपण मोटरसायकलच्या टाकीच्या रंगाबद्दल बोलणार आहोत. नरडाण्याहून शिंदखेड्याला जायचं असो, शिरपूरला किंवा शेतावर, गाडी म्हणजे दुचाकी. ती खानदेशच्या उन्हात दिवसभर उभी असते. दोन-चार वर्षांत टाकीचा रंग उडतो, फुगतो, पोपडे निघतात. आपण म्हणतो, "रंग मारून घेऊ." पण रंग कशामुळे गेला हे न बघता नवा मारला, तर तोही जातो. कधी कधी धोका रंगाखालीच लपून बसतो.

आधी थर समजून घेऊ. खाली पोलादी पत्रा, त्यावर गंज रोखणारा प्राइमर, म्हणजे आपल्या भाषेत अस्तर. त्यावर रंगाचा थर, आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर. चमक लॅकरची असते, ऊन आणि पेट्रोल सोसण्याचं कामही त्याचंच. म्हणून पहिला प्रश्न असा: इजा कोणत्या थरापर्यंत गेली आहे?

चऱ्यावर पाण्याचा थेंब सोडा. चरा दिसेनासा झाला, तर फक्त लॅकरला लागलं आहे. बारीक वॉटर पेपर आणि कंपाउंड मारून भागतं. चऱ्यात नख अडकत असेल आणि खाली वेगळा रंग दिसत असेल, तर तो अस्तरापर्यंत गेलाय. पत्रा दिसला, तर पावसाळ्याच्या आत झाकायलाच हवा.

दुसरा प्रश्न: डाग कुठे आहे? वरचा भाग निस्तेज, पांढुरका झाला असेल तर ते उन्हाचं काम. गुडघ्यांच्या जागी रंग झिजला असेल तर ते घासल्यामुळे. झाकणाभोवती रंग मऊ पडून सुरकुतला, तर सांडलेलं पेट्रोल. तिथे बहुधा आधी कुणीतरी हार्डनर न घालता रंग मारलेला असतो. खात्री करायची तर आडबाजूला थिनरचा बोळा हलका घासा. रंग कापडावर उतरला, तर तो थर पूर्ण काढावा लागेल. नाहीतर नव्या रंगातलं थिनर जुन्याला खातं आणि सगळं उचललं जातं.

टाकीच्या खालच्या कडेला, जोडाजवळ फोड आले असतील तर मात्र सावध व्हा. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. टाकी अर्धी रिकामी ठेवली की रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर जमते. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल ओलावा ओढतं. असा आतून लागलेला गंज पत्रा पोखरत बाहेर येतो. फोड टोकरला आणि तपकिरी भुकटी निघाली, पेट्रोलचा वास आला, तर हे रंगाचं दुखणं राहिलंच नाही. जोडावर खडू ओढून बघा. खडू ओला झाला, तर टाकी गळते आहे.

अशा भोकावर पुट्टी भरून रंग मारून देणारेही भेटतात. पुट्टी पेट्रोलपुढे टिकत नाही. खाली तापलेलं इंजिन असतं, म्हणून अशी टाकी बदललेलीच बरी. जुनी गाडी घेताना कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक टाकीवर फिरवा. जिथे पकड ढिली, तिथे खाली जाड पुट्टी आहे. आणि "रिकामी आहे" म्हणून टाकीला वेल्डिंग किंवा आच लावू नका. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते, आणि भडका वाफेचाच होतो.

पत्रा शाबूत असेल तर दुरुस्ती सोपी. मोकळ्या हवेत पेट्रोल काढा, टाकी उतरवा, साबणाने धुवा, तेलकटपणा पुसा. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी आपल्याला ठाऊक आहेत. भांडं घासून लख्ख केल्याशिवाय कल्हई धरत नाही. इथेही तसंच. गंज चकचकीत पत्र्यापर्यंत घासा, भोवतालच्या रंगाची कड बोटाला लागणार नाही इतकी उतरती करा. मग इपॉक्सी प्राइमर. खळगा असेल तर पुट्टी, तीही पातळ. पुन्हा अस्तर, वाळल्यावर ६०० ते ८०० नंबरचा वॉटर पेपर. नंतर रंगाचे दोन-तीन पातळ हात, शेवटी हार्डनर घातलेल्या लॅकरचे दोन हात. प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा.

आपल्याकडे वेळ निवडणं महत्त्वाचं. मे महिन्यात दुपारी रंग गनमधून निघून पत्र्यावर पोचेपर्यंतच सुकतो आणि खरखरीत बसतो. सकाळी काम करा, संथ वाळणारं थिनर घ्या. पावसाळी दमट हवेत रंगावर पांढरी झाक येते, तेव्हा एखादा कोरडा दिवस गाठा. हार्डनरमधली रसायनं फुफ्फुसांना घातक असतात. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, फिल्टरचा मास्कच हवा. हे कारागिरालाही सांगा, कारण रोज श्वास तो घेतो.

लॅकर वरून वाळला तरी आतून पक्का व्हायला वेळ लागतो. निदान आठवडाभर त्यावर पेट्रोल सांडू देऊ नका. पुढेही पंपावर काठोकाठ भरू नका, थेंब पडला तर लगेच पुसा. आणि खालच्या कडेला पुन्हा फोड दिसलाच, तर रंगाचा डबा उघडण्याआधी खडू हातात घ्या.