शहाणा कुत्रा घरात घाण करू लागला तर

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक एकीच्या ओसरीवर होती. सतरंजी अंथरली तर खाली ओलं. घरची बाई शरमून गेली. म्हणाली, "सहा वर्षांचा मोत्या, कधी असं केलं नाही. आता रोज करतोय. सासूबाई म्हणतात, नेऊन सोडा कुठंतरी." मग एकेक करत चौघींनी हेच गाऱ्हाणं सांगितलं. म्हणून आज त्यावरच बोलू.

आपल्या सुप्याकडच्या जिरायत भागात कुत्रा अंगणात, गोठ्यापाशी नाहीतर मेंढरांमागं राहणारा. घरात कसं राहायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. पण आता बिबट्याच्या भयानं, विशेषतः उसाच्या पट्ट्यात, लोक रात्री कुत्रा आत घेऊन कडी लावतात. त्यात चूक काही नाही, बिबट्या कुत्रं उचलतोच. पण रात्री नऊला कोंडलेलं जनावर सकाळपर्यंत किती धरणार? मोत्याचं तेच झालं होतं. मग झोपायच्या आधी दोरी लावून, दारापुढच्या उजेडात, रोज एकाच जागी न्यायचं ठरलं. त्यानं केलं की लगेच शाबासकी आणि भाकरीचा तुकडा. पहाटे उठल्याबरोबर पुन्हा तेच. पंधरा दिवसांत फरक पडला. मध्ये दोनदा चुकला, तेवढं चालायचंच.

मारू मात्र नका. घाणीत नाक घासायची जुनी रीत आहे, तिचा काही उपयोग नाही. तासापूर्वी केलेल्या गोष्टीसाठी मार बसतोय हे त्याला कळत नाही. तो एवढंच शिकतो, की माणसासमोर करायचं नाही. मग कणगीमागं, खाटेखाली लपून करतो.

पण सगळेच कुत्रे कोंडल्यामुळं करत नाहीत. कुत्रा एकाएकी खूप पाणी पिऊ लागला आणि सारखा मुतू लागला, तर मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असू शकतो. हो, कुत्र्यालाही मधुमेह होतो. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, कधी लालसर होत असेल तर मूत्रमार्गात जंतू झाले असतील. नर कुत्रा पाय वर करून जोर लावतोय आणि थेंबही येत नाही, तर खडा अडकला असेल. तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, जीव जातो. कुत्रीच्या बाबतीत आणखी एक. माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी ती मलूल झाली, पाणी फार पिऊ लागली, तर पिशवीत पू झालेला असू शकतो. कधी मागून घाण स्राव येतो, कधी काहीच दिसत नाही. हिलाही त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. आमच्यातल्या एकीनं "म्हातारी झालीय" म्हणून आठवडा काढला आणि कुत्री गेली. ती अजून बोलून दाखवते.

आता सफाईचं. फिनेल टाकलं की आपल्याला फिनेलचा वास येतो, कुत्र्याला खालचा मुताचा येतोच, आणि तो पुन्हा तिथंच जातो. फरशी असेल तर आधी कपड्याच्या पावडरीनं, मग पाण्यात शिरका घालून पुसा. सारवलेली जमीन असेल तर वरचा थर खरवडून बाहेर टाका, उन्ह लागू द्या, मगच नव्यानं सारवा. उंदरांप्रमाणं कुत्र्याच्या मुतातूनही लेप्टोचा ताप माणसाला येऊ शकतो, तेव्हा हाताला चीर असेल तर पिशवी चढवा आणि नंतर साबणानं हात धुवा. रांगतं मूल तिथं जाऊ देऊ नका.

राहिलं सासूबाईंचं म्हणणं. कुठंतरी सोडायचं म्हणजे आपल्याकडं बहुतेक मयूरेश्वर अभयारण्याकडच्या माळावर. तिथं चिंकारा आहेत, आणि मोकाट कुत्री त्यांच्या पाडसांमागं लागतात. मोत्या अजून ओसरीवरच आहे. पुढची बैठक तिथंच आहे, सतरंजी आम्ही घेऊन जाणार आहोत.