संचार भवनातले 17 महिने

केळीचा घड एकदा कापला की तो कुणासाठी थांबत नाही. रावेर, निंभोरा, सावदा या पट्ट्यातून वॅगन भरून माल दिल्लीकडे निघायचा, तेव्हा तिथे आज काय भाव फुटला हे वेळेत कळणं म्हणजे अर्धी कमाई. म्हणून निरोपाची किंमत आमच्या बागायतदाराला कुणी शिकवावी लागली नाही. ट्रंक कॉलच्या काळात एक्स्चेंजला नंबर द्यायचा आणि फोनपाशी बसून राहायचं. लागलाच तर घसा फोडून बोलायचं. मग एसटीडीचे बूथ आले. काचेच्या दाराची चिंचोळी खोली, भिंतीवर धावणारे लाल आकडे, आणि बोलता बोलता त्या आकड्यांवरच खिळलेली नजर. रात्री दर उतरले की बूथबाहेर रांग लागायची. महत्त्वाचं तेवढं बोलायचं, ख्यालीखुशाली पत्रातून.

त्या आकड्यांचा वेग खऱ्या अर्थाने मंदावला तो जानेवारी 2002 मध्ये. लांब पल्ल्याच्या कॉलचा सर्वाधिक दर बीएसएनएलने मिनिटाला 24 रुपयांवरून 9 रुपयांवर आणला. दिल्लीच्या संचार भवनात तेव्हा मंत्री होते प्रमोद महाजन.

दूरसंचार खात्याशी मराठी नेत्यांचा संबंध तसा जुना. ऐंशीच्या दशकात विठ्ठलराव गाडगीळ या खात्याचे राज्यमंत्री होते, आणि आपल्या खान्देशातले विजय नवल पाटील उपमंत्री. पण खात्याची संपूर्ण सूत्रं हाती असलेला, आणि तीही नेमक्या वळणावर, असा मराठी माणूस महाजनच.

जन्म 1949 चा, तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातल्या महबूबनगरचा, वाढले अंबाजोगाईत. तिथेच काही काळ शिक्षकी केली, पुण्यात पत्रकारितेचं शिक्षण घेतलं, 'तरुण भारत'मध्ये काम केलं. आणीबाणीत नाशिकच्या तुरुंगात गेले आणि बाहेर पडले ते पूर्ण वेळ राजकारणी होऊनच. अडवाणींच्या 1990 च्या रथयात्रेच्या आयोजनात ते होते, शिवसेनेशी युती घडवण्यात होते. 1996 मध्ये ईशान्य मुंबईतून लोकसभेवर गेले आणि वाजपेयींच्या 13 दिवसांच्या सरकारात थेट संरक्षणमंत्री झाले. 1998 मध्ये त्याच मतदारसंघात गुरुदास कामत यांनी त्यांना हरवलं. हेच कामत पुढे 2009 मध्ये दूरसंचार राज्यमंत्री झाले.

महाजन म्हटलं की लोकांना आठवते ती संघटना, निवडणूक आणि पक्षासाठी पैसा उभा करण्याची हातोटी. मला मात्र त्यांचं मोल संचार भवनातल्या कारकिर्दीवरून करावंसं वाटतं. सप्टेंबर 2001 ते जानेवारी 2003, जेमतेम 17 महिने. त्यात विदेश संचार निगमची सूत्रं टाटांकडे गेली, परदेशी कॉलवरची तिची मक्तेदारी संपली, इंटरनेटवरून बोलण्याला 1 एप्रिल 2002 पासून कायदेशीर परवानगी मिळाली. ऑक्टोबर 2002 मध्ये बीएसएनएलची मोबाइल सेवा लखनौहून सुरू झाली, आणि मोबाइल ही फक्त मोठ्या शहरांतल्या श्रीमंतांची चीज उरली नाही.

हे सगळं एकट्या महाजनांचं नव्हे, हेही सांगितलंच पाहिजे. पाया 1999 च्या दूरसंचार धोरणाने घातला. बीएसएनएलची स्थापना आणि लांब पल्ल्याच्या सेवेत खासगी कंपन्यांना प्रवेश, दोन्ही 2000 मधलं. तेव्हा मंत्री रामविलास पासवान होते. दर कोसळले ते या स्पर्धेमुळे. जगभर वारं त्याच दिशेचं होतं. सरकारी कंपनीच्या मोजक्या लाइनींवर वर्षानुवर्षं अडकलेल्या नायजेरियानेही 2001 च्या जानेवारीत मोबाइल परवान्यांचा लिलाव केला आणि त्याच वर्षी तिथे खासगी मोबाइल वाजू लागले.

वादाची बाजूही लहान नाही. लँडलाइनच्या परवान्यावर, कमी शुल्कात, मर्यादित क्षेत्रात फिरता फोन देण्याची मुभा काही कंपन्यांना होती. भरमसाट परवाना शुल्क मोजलेल्या मोबाइल कंपन्यांना तो उघड अन्याय वाटला. प्रकरण कोर्टकचेऱ्यांत गेलं आणि महाजन एका उद्योगसमूहाला झुकतं माप देतात असा आरोप झाला. डिसेंबर 2002 च्या अखेरीस रिलायन्सची सेवा जाहीर झाली. महिन्याभरात महाजनांचं खातं गेलं. त्यांच्या जागी आलेल्या अरुण शौरींनी नोव्हेंबर 2003 मध्ये एकत्रित परवान्याची पद्धत आणून तो गुंता सोडवला. मुळात ज्याने जास्त पैसे भरले त्याला नियम बदलताना विचारात घ्यायला हवं होतं, असं माझं मत आहे.

22 एप्रिल 2006 रोजी वरळीच्या राहत्या घरी सख्ख्या धाकट्या भावाने, प्रवीणने, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. 3 मे रोजी हिंदुजा रुग्णालयात ते गेले. वय अवघं 56.

मरणानंतरही खात्याने त्यांची पाठ सोडली नाही. 2002 मध्ये कंपन्यांना जादा स्पेक्ट्रम दिल्याबद्दल सीबीआयने 2011 मध्ये गुन्हा नोंदवला. त्यात महाजनांचं नाव होतं, पण उत्तर द्यायला ते हयात नव्हते. ऑक्टोबर 2015 मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने माजी दूरसंचार सचिव श्यामल घोष आणि संबंधित कंपन्यांना आरोपमुक्त केलं आणि आरोपपत्रच बनावट असल्याचा ठपका ठेवला. आरोपाच्या बातम्या पहिल्या पानावर वाचलेल्या किती जणांपर्यंत हा निकाल पोचला? महाजनांबद्दल मत बनवणाऱ्याने, ते कोणतंही असो, दोन्ही बातम्या वाचून मगच बनवावं.