कमांडोंच्या झोतापलीकडे

‘उरी’ (२०१९) या चित्रपटातले पॅरा कमांडो सगळ्यांना आठवतात. १८ सप्टेंबर २०१६ च्या उरी हल्ल्यात गेलेले जवान मात्र साध्या पायदळाचे होते. माण तालुक्यातल्या जाशी गावचा एक जवानही त्यांत होता. त्याचं गाव, त्याचं घर पडद्यावर कधी येणार?

खास पथकांवरचा आक्षेप जुनाच आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात ब्रिटिशांच्या १४ व्या सैन्याचं नेतृत्व केलेल्या विल्यम स्लिम यांनी १९५६ च्या आपल्या युद्धस्मृतींत तो रोखठोक मांडला. निवडक माणसं काढून घेतली की उरलेल्या पलटणींचा दर्जा घसरतो. शिवाय अवघड काम म्हणजे दुसऱ्या कुणाचं, असं साध्या शिपायाला वाटू लागतं. मला हे पटतं. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला छत्रीधारी ब्रिगेडच्या खांद्याला खांदा लावून मराठ्यांची चौथी पलटण लढली. ती कुठलंही खास पथक नव्हती.

साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २१ पॅरा या खास दलातले. पण १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात त्यांना वीरमरण आलं, ते खास दल नसलेल्या ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करताना.

‘चंदू चॅम्पियन’ने (२०२४) सांगली जिल्ह्यातल्या पेठच्या मुरलीकांत पेटकरांना, सैन्याच्या तांत्रिक दलातल्या जवानाला, नायक केलं. असे चित्रपट आणखी हवेत.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावाने एकट्या पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. त्यांचं स्मारक गावात आहे. एकदा जाऊन या.